पाण्यावरचा आळ

बदलीच्या नोकरीतील मराठी माणसाचे पोट बिघडले की पहिला आळ येतो तो पाण्यावर. दिल्लीस तो यमुनेवर येतो, कलकत्त्यास हुगळीवर, आणि येथे बेंगळुरात कावेरीवर. 'हवापाणी मानवत नाही' एवढे म्हटले की नातलगांचे समाधान होते आणि वरिष्ठांनाही रजेचे कारण पुरते. पाण्याने पोट बिघडते हे खरेच. परंतु वर्षानुवर्षे पोट फुगत राहावे, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढू नये, दुपारी फाईल उघडताना हात जड व्हावेत, हे सारे त्या बिचाऱ्या नदीच्या माथी किती काळ मारावयाचे? या लक्षणांमागे असू शकणाऱ्या एका दुखण्याचा, सिलिअ‍ॅक विकाराचा, इतिहास येथे सांगावयाचा आहे. त्याचा खरा अपराधी सापडण्यास सुमारे अठराशे वर्षे लागली.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आरेटिअस या ग्रीक वैद्याने अन्न न पचता वाहून जाण्याच्या जुनाट दुखण्याचे वर्णन केले आणि पोट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिले. आपल्याकडे अशी कित्येक दुखणी 'संग्रहणी' या एकाच नावाखाली नांदली. पुढे १८८८ साली लंडनच्या डॉ. सॅम्युएल गी यांनी लहान मुलांतील या विकाराचे आधुनिक वर्णन प्रसिद्ध केले. रोगी बरा व्हावयाचा असेल तर तो आहारानेच होईल, हे त्यांनी अचूक ओळखले. मात्र त्यांचे पथ्य वाचून आज हसू आल्यावाचून राहत नाही. तांदूळ आणि साबुदाणा त्यांनी वर्ज्य ठरविला, आणि दोन्ही बाजूंनी भाजलेल्या पावाच्या पातळ चकत्या चालतील असे सांगितले! उपवासाचा साबुदाणा दोषी ठरला आणि गहू मात्र निर्दोष सुटला. रोज हॉलंडचे शिंपले खाऊन एक मूल छान सुधारले, आणि शिंपल्यांचा हंगाम सरताच पुन्हा खालावले, असेही त्यांनी नोंदविले आहे. पुढे १९२४ साली अमेरिकेत डॉ. हास यांनी केळ्यांचा आहार सुचविला. मुले सुधारली, श्रेय केळ्यांना गेले. त्या ताटातून गहूही गेला होता, याचे महत्त्व कोणाच्या ध्यानी आले नाही.

ते आले हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांच्या. गव्हाविषयीचा त्यांचा संशय युद्धापूर्वीचाच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यातील दुष्काळाने तो बळावला. हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, माणसे अन्नान्न करून मेली. पण या रोगाची मुले मात्र सुधारू लागली. पाव पुन्हा मिळू लागताच ती पूर्ववत आजारली, असे सांगितले जाते. १९५० साली डिके यांनी उत्रेख्त येथे प्रबंध सादर केला आणि गहू अखेर पिंजऱ्यात उभा राहिला. त्यानंतर लवकरच, दोष गव्हातील ग्लुटेन या चिकट प्रथिनाचा आहे, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले.

त्याच युद्धाने बेंगळुरात उलटा प्रकार केला, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही. ब्रह्मदेश पडला, तांदळाचा तुटवडा झाला, आणि तेव्हा आपण रव्याची इडली काढली, असे येथील मवळ्ळी टिफिन रूमचे सांगणे आहे. तिकडे ताटातला गहू गेला, इकडे तो इडलीत शिरला. 'इडली म्हणजे तांदूळच' या समजुतीवर विसंबणाऱ्या रोग्याने या शहरात जरा जपावे.

भारतात या विकाराचे वृत्तान्त १९६६ च्या सुमारास उत्तरेकडून प्रसिद्ध झाले. दक्षिणेत त्या काळी स्प्रू नामक अशाच लक्षणांच्या दुखण्याच्या साथी येत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांचा मोठा अभ्यास झाला. म्हणून इकडील वैद्यांची दृष्टी तिकडेच वळावी, हे स्वाभाविकच होय. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तरेत हजारी सुमारे १२ जणांत, तर दक्षिणेत हजारी अवघ्या एकात हा विकार आढळला. अनुवंशाने येणारी प्रवृत्ती दोन्हीकडे साधारण सारखीच होती. दररोजचा गहू मात्र उत्तरेत ४५५ ग्रॅम आणि दक्षिणेत २५. आता आमच्यासारख्यांचा विचार करावा. बदलीच्या हुकुमाबरोबर आम्ही वळकटी आणतो तसा पोळीचा डबाही आणतो. राहणे रागीच्या मुलुखात, जेवण गव्हाचे. आणि तपासणारे डॉक्टर अशा प्रदेशातले, की जिथे हा विकार विरळा.

आमच्या बाबतीत सात वर्षे गेली. आम्लपित्त, जंत, चिंता अशी निदाने झाली. एका वैद्यांनी तर लग्न झाले आहे का, असे विचारले. एक गोष्ट तेवढी घरात लक्षात आली होती: एकादशीस, वऱ्याचे तांदूळ आणि राजगिरा खाऊन, आमचे पोट शांत असे. घरच्या मंडळींनी ते पुण्याईकडे लावले. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नेमका तोच प्रश्न विचारला आणि रक्त तपासावयास पाठविले.

या तपासणीतील एक बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी. तपासणी होईपर्यंत गहू सोडावयाचा नसतो. शरीर ग्लुटेनला बुजून जी प्रतिद्रव्ये तयार करते, तीच रक्तात शोधावयाची असतात. या प्रतिद्रव्यांचे लक्ष्य असलेले द्रव्य १९९७ साली ओळखले गेले आणि रक्ताची परीक्षा सुलभ झाली. संशयाने आधीच पोळी सोडली तर ती ओसरतात आणि निकाल फसवा येतो. पुढे दुर्बिणीची नळी उतरवून लहान आतड्याच्या आरंभीचे सूक्ष्म तुकडे काढतात. तेथे मखमलीच्या लवेप्रमाणे अंकुर असतात, ते झिजून सपाट झालेले दिसतात. हे पाहण्याची सोय १९५६-५७ नंतरची. तत्पूर्वी ते शस्त्रक्रियेत किंवा मरणोत्तरच दिसत.

आमचे अंकुर झिजलेले निघाले. औषध काही नाही. गहू व जव आजन्म बंद. ज्वारी, बाजरी, तांदूळ आणि येथे मुबलक असलेली नाचणी मोकळी. बांधणीच्या हिंगात गव्हाचे पीठ असते, हे आमच्या घरी तेव्हाच कळले, आणि त्या दिवशी आमटी दोनदा झाली. आईबाप, भावंडे, मुले यांनाही हा विकार असण्याचा संभव अधिक, म्हणून त्यांचेही रक्त तपासावे, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले आहे. आमच्या धाकट्या बंधूंना सोलापुरास तसे कळविले. त्यांच्या मुलीची उंची दोन वर्षे वाढलेली नाही. तेथील पाणी जड आहे, असे त्यांचे उत्तर आले. आम्ही पुन्हा लिहिले आहे.