पाच सिरिंजा

इबोला म्हटलं की आपल्याला आठवतं ते घनदाट जंगल, वटवाघळं आणि अंगभर सूट घातलेली माणसं. पण १९७६ साली आफ्रिकेतल्या झाईरमध्ये (आजचं काँगो) हा आजार पसरला तो मुख्यतः एका हॉस्पिटलातून. ही कथा वाचायला घेतली आणि रविवार त्यातच गेला, म्हणून इथे लिहितोय.

तर, देशाच्या उत्तर भागात यांबुकू नावाचं गाव आहे. तिथे बेल्जियन मिशनऱ्यांचं १२० खाटांचं रुग्णालय होतं. कर्मचारी १७, त्यात नर्सचं काम करणाऱ्या काही नन्स. आसपास दुसरी सोय नाही, त्यामुळे ओपीडीत रोज शेकडो माणसं यायची. आणि कुठल्याही दुखण्यावर इंजेक्शन! सुई टोचल्याशिवाय औषध लागू पडत नाही ही समजूत काही फक्त आपल्याकडचीच नाही.

आता खरी गोम. रोज सकाळी नर्सना मोजून पाच सिरिंजा आणि सुया मिळायच्या. त्यांवर ओपीडी, गरोदर बायकांची तपासणी आणि वॉर्ड, सगळं भागवायचं. एका पेशंटला टोचलं की सुई कोमट पाण्यात खळबळायची आणि पुढच्याला टोचायची. संध्याकाळी जमलं तर उकळायची. ऑपरेशन थिएटरच्या सिरिंजा मात्र वेगळ्या होत्या आणि त्या वापरानंतर ऑटोक्लेव्ह केल्या जायच्या. म्हणजे निर्जंतुक कसं करायचं हे तिथल्या लोकांना नीट माहीत होतं. ओपीडीची गर्दी आणि पाच सिरिंजा यांचं गणितच जमत नव्हतं.

२६ ऑगस्टला मिशनच्या शाळेतल्या ४४ वर्षांच्या शिक्षकाला ताप आला म्हणून मलेरियाचं इंजेक्शन दिलं गेलं. ८ सप्टेंबरला तो वारला. तोवर त्या हॉस्पिटलात इंजेक्शन घेऊन गेलेली माणसं गावोगावी आजारी पडू लागली होती. या साथीत ३१८ जणांना लागण झाली, २८० गेले. ज्यांना सुईतून लागण झाली त्यांच्यातलं कुणीही वाचलं नाही.

आणि कर्मचारी? रक्त, उलट्या, जुलाब सगळं तेच साफ करत होते. १७ पैकी १३ जणांना लागण झाली, ११ वारले. ३० सप्टेंबरला हॉस्पिटल बंद करावं लागलं, आणि त्यानंतर साथ ओसरू लागली! साथ थांबवण्यात हॉस्पिटल बंद होण्याचा वाटा सर्वात मोठा असावा, असं नंतर आलेल्या आंतरराष्ट्रीय पथकाने नोंदवलं. हे वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो.

बरं, यातून जग शिकलं म्हणावं तर १९९५ साली त्याच देशात किक्विटला पुन्हा तेच. ३१५ रुग्णांपैकी ८० आरोग्य कर्मचारी. एका पेशंटच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि ऑपरेशन करणारेच आजारी पडले. मग हातमोजे, मास्क, गाऊन पोचले, ते कसे वापरायचे हे शिकवलं गेलं, आणि कर्मचाऱ्यांमधल्या नव्या लागणी जवळजवळ थांबल्या. इबोलावर तेव्हा ना लस होती ना औषध. काम केलं ते रबराच्या हातमोज्यांनी.

हे सगळं लांब आफ्रिकेत, असं वाटत असेल तर २०११ चा जानेवारी आठवा. अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयात एक बाई तापाने वारली. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि तिची नर्सही गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने निदान केलं: क्रायमियन-काँगो ताप. हाही रक्तस्रावी तापांच्याच कुटुंबातला, गोचिडांतून येणारा. भारतात खात्रीने निदान झालेला तो पहिलाच उद्रेक.

अशा वेळी आपण मेलेल्यांना शहीद म्हणतो, हार घालतो. २०२० मध्ये आपण थाळ्याही वाजवल्या, आणि त्याच सुमारास काही ठिकाणचे डॉक्टर पीपीई किट नाही म्हणून रेनकोट घालून काम करत होते. कौतुक करू नये असं नाही. पण यांबुकूच्या नर्स धैर्यात कुठे कमी पडल्या होत्या? त्यांना कमी पडल्या त्या सिरिंजा. त्यामुळे यापुढे कुणी 'आमच्या हॉस्पिटलचा स्टाफ जिवावर उदार होऊन काम करतो' असं अभिमानाने सांगितलं, तर मी आधी विचारणार आहे, स्टोअरमध्ये हातमोजे किती आहेत?