विकुन्याची लोकर आणि पाच देश

विकुन्या हा उंटाच्या कुळातला प्राणी. पण त्याला मदार नसते आणि अंगाने तो हरणासारखा सडपातळ असतो. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातल्या उंच माळांवर त्याचे कळप चरतात. तिथल्या थंडीपासून त्याला वाचवते ती त्याची लोकर. तिचा तंतू जेमतेम १२ मायक्रॉन जाड, म्हणजे आपल्या केसाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढा! हीच लोकर त्याच्या जिवावर उठली.

इंका राज्यात शेकडो माणसे साखळी करून विकुन्यांना हाकत आणत, लोकर कातरत आणि बहुतेकांना सोडून देत. या प्रथेला 'चाक्कू' म्हणत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक बंदुका घेऊन आले. कातरण्यापेक्षा मारणे सोपे झाले. १८२५ मध्ये सिमोन बोलिव्हारने शिकारबंदीचा हुकूम काढला, तरी शिकार चालूच राहिली. १९६०च्या दशकात विकुन्या उरले दहा हजारांच्या आसपास.

कायदा असून असे का झाले? आपण नकाशा पाहू या. विकुन्यांचे माळ पेरू, बोलिव्हिया, चिली, अर्जेंटिना या देशांत पसरलेले आहेत. एका देशात बंदी आली, की चोरटी लोकर शेजारच्या देशातून विकता येई. म्हणून १९६९ मध्ये पेरू आणि बोलिव्हिया यांनी ला पाझ येथे करार करून शिकार आणि व्यापार दोन्ही थांबवले. पुढे शेजारी देशही त्यात आले.

१९७९ चा लिमा करार एक पाऊल पुढे गेला. विकुन्यांची संख्या वाढली, की त्यांच्या लोकरीचा लाभ माळावरच्या लोकांना मिळावा, असे त्यात ठरले. प्रजननक्षम विकुन्या सदस्य देशांबाहेर पाठवण्यास मनाई झाली. इक्वेडोरमध्ये विकुन्या उरलेच नव्हते. १९८८ पासून शेजाऱ्यांनी आपल्या कळपांतले प्राणी तिथे दिले. गावोगावी चाक्कू पुन्हा सुरू झाला. आज विकुन्यांची संख्या काही लाखांवर गेली आहे.

चोरटी शिकार मात्र संपलेली नाही, आणि महागड्या लोकरीच्या किमतीतला फार थोडा वाटा कातरणाऱ्यांच्या हाती पडतो.

वर्गात हा विषय घेताना आपल्या पेंचचा नकाशाही जरूर काढावा. तिथले जंगल मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र अशा दोन राज्यांत आहे. एकाच राज्याने वाघ राखायचे ठरवले तर काय होईल, हे मुलांनाच विचारून पाहू या.