विमान बांधलं कोणी?

आजचा विषय आहे घरी बांधलेलं विमान. तत्त्वज्ञानाच्या माणसानं यावर काय बोलायचं, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतोय, म्हणून आधी तेच सांगतो. अमेरिकेच्या हवाई नियमांत एक तरतूद आहे. तिचा आशय असा, की ज्या विमानाचा मोठा भाग केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी काम करणाऱ्या माणसांनी घडवला आणि जोडला असेल, त्याला हौशी बांधणीचं विमान म्हणून 'प्रायोगिक' वर्गात परवाना मिळेल. बघा, यंत्राचा कायदा आणि तो माणसाचा हेतू विचारतोय! 'मोठा भाग' म्हणजे निम्म्याहून जास्त, म्हणून बोलीभाषेत याला 51 टक्क्यांचा नियम म्हणतात. तो का करावा लागला, ती हकिकत आज सांगायची आहे.

विमानाचा जन्म घरगुतीच आहे. राइट बंधूंचं सायकलींचं दुकान होतं, हे शाळेत आपण सगळेच शिकलो. (तळपद्यांबद्दल मला दर वेळी विचारतात. तो स्वतंत्र विषय आहे, आणि त्यात पुराव्यापेक्षा अभिमान जास्त आहे. आज नको.) पण सुटे भाग पेटीत भरून गिऱ्हाइकाला विकायचे आणि विमान त्यानं घरी जोडायचं, ही कल्पना रुळली ती 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात. शिकागोच्या एड हीथचं 'पॅरासोल' नावाचं एकआसनी विमान किटच्या रूपात मिळायचं, आणि त्याला मोटारसायकलचं इंजिन बसवायचे. हीथ स्वतः 1931 मध्ये एका नव्या विमानाची चाचणी घेताना गेला. कंपनी पुढं दुसऱ्याच्या हाती गेली आणि युद्धानंतर रेडिओ आणि ऑसिलोस्कोपची किटं विकू लागली. आपल्यातल्या जुन्या रेडिओवेड्यांना 'हीथकिट' आठवत असेल, त्याचं मूळ विमानात आहे.

आता फ्रान्समध्ये जाऊ, कारण खरी गोष्ट तिथं घडली. आंरी मिन्ये नावाचा एक हौशी माणूस होता. वैमानिक म्हणून त्याला नेहमीची विमानं धड चालवता येत नव्हती, आणि याची त्याला लाज नव्हती. तो म्हणे, दोष माझा नाही, विमानाचा आहे. म्हणून त्यानं पायानं चालवायचं सुकाणू काढून टाकलं, पंखांवरच्या हलत्या झडपाही काढल्या. एकामागे एक असे दोन पंख ठेवले, त्यातला पुढचा बिजागरीवर फिरणारा. सगळं एका दांड्यावर. 1933 च्या सप्टेंबरात ते उडालं. नाव ठेवलं 'आकाशातली ऊ'. इंग्रजांनी तिची 'उडती पिसू' केली. पुढच्या वर्षी त्यानं पुस्तक लिहिलं. लाकूड कुठलं, खिळे किती, कापड कसं ताणायचं, सगळं त्यात होतं. ज्याला साधं सुतारकाम येतं त्याला विमान येतं, असा एकूण सूर. फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये लोकांनी बैठकीच्या खोल्यांत, गोठ्यांत, गॅरेजमध्ये पिसवा बांधायला घेतल्या. काही कंपन्यांनी तयार भागही विकायला काढले.

आणि माणसं मरायला लागली. विमान नाक खाली करून सुटायचं आणि सावरायचंच नाही. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, बांधणाऱ्यानं कुठंतरी कसूर केली असेल. 1936 मध्ये इंग्लंडात फार्नबरोला आणि फ्रान्समध्ये शाले-मदों इथं पूर्ण आकाराचं विमान वातबोगद्यात ठेवून तपासलं, तेव्हा दोष मुळातल्या आराखड्यात निघाला. एरवी वैमानिक दांडा ओढतो तेव्हा नाक वर येतं. इथं दांडा ओढला की पुढच्या पंखाची मागची कड मागच्या पंखाजवळ यायची, दोन पंखांमधली फट अरुंद व्हायची, आणि त्या फटीतून जाणारी हवा मागच्या पंखालाच जास्त उचलायची. एका मर्यादेपलीकडे नाक खाली गेलं, तर वाचण्यासाठी जितकं ओढावं तितकी बुडी खोल. इंग्लंडमध्ये पिसवांचं उड्डाण लवकरच बंद झालं.

हे मला फार अस्वस्थ करतं. हात प्रामाणिक होते, सांधे घट्ट होते, आणि चूक दुसऱ्याच्या कागदावर होती. मग ते विमान केलं कोणी? मिन्येनं, की गोठ्यात खिळे ठोकणाऱ्यानं? (मिन्येनं पुढं आराखडा सुधारला, आणि त्या वंशाची विमानं आजही उडतात, हेही सांगायला हवं.)

अमेरिकेत 1930 च्या दशकात घरी विमान बांधणाऱ्यांच्या वाटा जवळजवळ बंद झाल्या होत्या. ओरेगॉनसारख्या राज्यात तेवढी धुगधुगी होती. 1947 मध्ये तिथला जॉर्ज बोगार्डस 'लिटल जी बी' हे छोटं विमान घेऊन, सारा देश ओलांडत, वॉशिंग्टनला गेला. म्हणणं मांडायला गेला, आणि ज्याबद्दल म्हणणं होतं त्यातच बसून गेला! यापेक्षा चांगला युक्तिवाद मला सुचत नाही. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी हौशी बांधणीचा वर्ग नियमांत आला. 1953 मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा लोकांची संघटना काढली, तिचा ऑशकॉशचा मेळावा जगभर ठाऊक आहे.

किटचा व्यवहार वाढला तसा नवा पेच आला. 1970 च्या दशकात जिम बीडीच्या बीडी-5 साठी हजारो लोकांनी पैसे भरले. इंजिनं वेळेवर आली नाहीत, कंपनी बुडाली, आणि अर्धवट सांगाडे गॅरेजमध्ये पडून राहिले. उलट रिचर्ड व्हॅनग्रुन्सवेनची आरव्ही विमानं इतकी पसरली की त्यातली अकरा हजारांहून जास्त उडाली आहेत. आज त्यांच्या किटमधल्या पत्र्यांना भोकं अचूक पाडलेली येतात. एकानं हवेच्या दाबाची बंदूक चालवायची, दुसऱ्यानं मागून लोखंडी ठोकळा धरायचा, असे हजारो रिव्हेट ठोकायचे. पंख आणि धड बरंचसं जोडूनही मिळतं. मग 51 टक्के कसे मोजायचे? तास मोजत नाहीत, कामांची यादी करून मोजतात. इंजिन, पंखा, चाकं, घड्याळं घरी करायची अपेक्षा नसते. कारखान्याचा हात वाढला म्हणून काळजी संपली, असंही नाही. 2023 मध्ये याच कंपनीच्या लेझरनं कापलेल्या भोकांच्या कडांना चिरा जायचा प्रश्न निघाला आणि वर्षअखेरीस तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला.

आपल्याकडचे कॅप्टन अमोल यादव तुम्हाला आठवतीलच. मुंबईत चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. ते किट नव्हतं, आराखडाही त्यांचाच. 2016 च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. नोंदणी व्हायला 2017 चा नोव्हेंबर उजाडला. इथं 'केलं कोणी' हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो, असं काही करणाऱ्याला कुठल्या रकान्यात बसवायचं हा.

पुन्हा अमेरिकेच्या नियमाकडे येतो. ज्यानं विमान बांधलं त्याला त्या एका विमानापुरता दुरुस्तीचा दाखला मिळू शकतो. वर्षाची तपासणी तो स्वतः करू शकतो. विमान विकलं तर दाखला विकत घेणाऱ्याकडे जात नाही. त्याला तपासणीसाठी 2025 पर्यंत परवानाधारक मेकॅनिक शोधावा लागायचा. 2012 मध्ये तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळानं आदल्या वर्षीचे अशा विमानांचे अपघात तपासले, तेव्हा निम्म्याहून जास्त अपघातांत विमान ज्यानं बांधलं त्याच्याकडे नव्हतं. ते दुसऱ्याकडून विकत घेतलेलं होतं.