मिडवे: टॉर्पेडो विमानांचे बलिदान आणि घड्याळाचा हिशेब

मिडवेच्या लढाईची कथा सांगताना एक वाक्य हटकून येते: अमेरिकन टॉर्पेडो विमानांनी प्राण देऊन जपानी लढाऊ विमानांना समुद्रसपाटीपर्यंत खाली खेचले, म्हणून वरून आलेल्या डाइव्ह बॉम्बरना आकाश मोकळे मिळाले. वाक्य हृद्य आहे. परंतु ४ जून १९४२ च्या सकाळचे घड्याळ समोर ठेवले की ते जसेच्या तसे टिकत नाही. या धाग्यात तोच हिशेब मांडायचा आहे. त्यासाठी आधी दोन्ही शस्त्रांची रीत समजून घेऊ.

अमेरिकेचा मार्क १३ टॉर्पेडो त्या काळी फार नाजूक होता. तो सोडताना डेव्हास्टेटर विमानाला पाण्यापासून जेमतेम तीसएक मीटर उंचीवर, ताशी सुमारे दोनशे किलोमीटर वेगाने, सरळ रेषेत उडावे लागे. वेग वा उंची वाढली तर टॉर्पेडो पाण्यावर आपटून निकामी होण्याची भीती. म्हणजे तोफांच्या आणि लढाऊ विमानांच्या माऱ्यात वैमानिकाने वळायचेही नाही.

त्याहून अवघड गणित पाण्यात होते. टॉर्पेडोचा वेग सुमारे ३३ नॉट, म्हणजे ताशी ६१ किलोमीटर. ‘कागा’ या जपानी विमानवाहू जहाजाचा कमाल वेग २८ नॉट, म्हणजे ताशी ५२ किलोमीटर. नऊशे मीटरवरून टॉर्पेडो सुटला आणि जहाज पाठ फिरवून पळत असले, तर तो ताशी फक्त नऊ किलोमीटरने जवळ येणार. अंतर तुटायला सहा मिनिटे लागतील आणि तोवर त्याचे इंधनच संपत आलेले असेल! म्हणून विमानांनी दोन गट करून जहाजाच्या नाळेच्या दोन्ही बाजूंनी यायचे. एका गटाला चुकवायला जहाज वळले की दुसऱ्या गटासमोर त्याची लांबलचक कूस उघडी पडते. अमेरिकन नौदलात या डावाला ‘ऐरण’ म्हणत.

डाइव्ह बॉम्बरची रीत अगदी उलटी. डॉन्टलेस विमान चार-साडेचार हजार मीटर किंवा त्याहून अधिक उंचीवरून सुमारे ७० अंशांच्या कोनात सूर मारी. पंखांवरचे सच्छिद्र ब्रेक उघडल्याने वेग आवाक्यात राही. अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक काळ वैमानिकाच्या नजरेसमोर जहाज मोठे मोठे होत जाई. ते वळले तर तोही नेम वळवी. पाचशे-सहाशे मीटरवर बॉम्ब सुटला की खाली पोहोचायला चारएक सेकंद. तेवढ्यात ३० नॉटने धावणारे जहाज साठएक मीटर सरकणार, आणि ‘अकागी’ची लांबी होती सुमारे २६० मीटर.

दोन्ही हल्ले एकाच वेळी झाले, तर बचाव करणाऱ्याने वर पाहायचे की खाली? अमेरिकन योजनाही तशीच होती. प्रत्यक्षात मात्र ‘हॉर्नेट’च्या हवाई दलनायकाने धरलेली दिशा आठव्या टॉर्पेडो पथकाचा प्रमुख जॉन वॉल्ड्रन याला पटली नाही. तो पथकासह वेगळा झाला आणि त्याला शत्रू सापडला. ‘हॉर्नेट’च्या डाइव्ह बॉम्बरना तो सापडलाच नाही. सुमारे ९.२० वाजता वॉल्ड्रनची १५ विमाने लढाऊ विमानांच्या सोबतीविना हल्ल्यात उतरली. पंधराही पडली, ३० जणांपैकी एकटा जॉर्ज गे वाचला. त्यानंतर वीसएक मिनिटांनी ‘एंटरप्राइज’ची १४ टॉर्पेडो विमाने आली. त्यांतलीही बहुतेक गेली.

आता घड्याळ पाहा. डाइव्ह बॉम्बरनी सूर मारला तो साधारण १०.२२ च्या सुमारास. झीरो विमान सहा हजार मीटर उंची साडेसात मिनिटांच्या आसपास गाठत असे. वॉल्ड्रनच्या हल्ल्यानंतर त्यांच्याजवळ तास होता. तेव्हा ‘खाली खेचण्याचे’ श्रेय त्याच्या पथकाला देता येत नाही. जोनाथन पार्शल आणि अँथनी टली यांनी २००५ च्या ‘शॅटर्ड स्वोर्ड’ या ग्रंथात हा मुद्दा सविस्तर मांडला आहे. त्या क्षणी झीरोंना गुंतवून ठेवले होते ‘यॉर्कटाउन’च्या १२ टॉर्पेडो विमानांनी आणि त्यांच्यासोबतच्या थॅचच्या सहा वाइल्डकॅट विमानांनी. जपानी जहाजांवर रडारही नव्हते.

मग आधीची माणसे व्यर्थ गेली का? तसे मला वाटत नाही. एकही टॉर्पेडो लागला नाही हे खरे. पण तो चुकवण्यासाठी जहाजे सतत वळत राहिली, आणि डेक झीरोंना उतरवण्यात व पुन्हा उडवण्यात गुंतले. प्रतिहल्ल्याची विमाने डेकवर रांगेत लावायला निवांतपणा मिळालाच नाही. ती इंधन आणि दारूगोळ्यासह खालच्या बंदिस्त हँगरमध्येच राहिली. बॉम्ब पडले तेव्हा पेट घेतला तो तिथे. त्यांचे काम हे होते: त्यांनी शत्रूची सकाळ खाल्ली.

सूर मारणाऱ्यांचाही डाव सुरळीत झाला नाही, हे सहसा सांगितले जात नाही. मॅक्लस्की मूळचा लढाऊ विमानांचा वैमानिक. रिवाजाप्रमाणे पुढच्या पथकाने दूरचे जहाज घ्यायचे. पण त्याच्यामागून दोन्ही पथके जवळच्या ‘कागा’वरच कोसळली. रिचर्ड बेस्टने ऐन वेळी सूर आवरला आणि दोन सोबत्यांसह ‘अकागी’ गाठले. तीन विमाने, तीन बॉम्ब. एकच नेमका लागला, डेक फोडून हँगरमध्ये फुटला. ‘सोर्यू’ त्याच मिनिटांत ‘यॉर्कटाउन’च्या डाइव्ह बॉम्बरनी पेटवले.

उरलेल्या ‘हिर्यू’वरून दुपारी तोमोनागा दहा टॉर्पेडो विमाने घेऊन निघाला. ‘यॉर्कटाउन’ दिसताच त्याने ती दोन गटांत विभागली आणि दोन बाजूंनी घातली. जपानी टॉर्पेडो अधिक वेगानेही सोडता येत. दोन लागले आणि जहाज कलंडू लागले. तोमोनागा मात्र परतला नाही.