छातीवरचा बिल्ला

मागच्या महिन्यात ऑफिसने सगळ्यांना मनगटावर बांधायचं घड्याळ वाटलं. तासभर खुर्चीत बसलं की थरथरतं : उठा! आमचं ऑफिस लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात. माझे आजोबा इथून हाकेच्या अंतरावर कार्डिंग खात्यात होते. त्यांना 'जरा उठा, बसा' म्हणणारं कुणी नव्हतं :)

असो. अंगावर बाळगायचं हे तंत्रज्ञान नवीन वाटत असेल, तर परळच्याच टाटा हॉस्पिटलचं उदाहरण घ्या. रेडिएशन विभागातल्या कर्मचाऱ्यांच्या छातीवर एक बिल्ला असतो, टीएलडी बॅज. आधी त्यात फोटोची फिल्म असायची. १९७५ पासून टीएलडी आला, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार झालेला. आत कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या, त्यात किंचित डिस्प्रोसियम. किरणांची ऊर्जा चकतीत अडकून बसते, आणि चकती तापवली की प्रकाश होऊन बाहेर पडते. जितका प्रकाश, तितका डोस. बॅटरी नाही, ब्लूटूथ नाही. साधारण तीन महिन्यांनी बिल्ला वाचायला जातो. सोबत एक बिल्ला असाही असतो जो कुणीच घालत नाही. तो तुलनेसाठी किरणांपासून लांब ठेवतात. डीबगिंग करणाऱ्याला ही कल्पना फारच आवडेल.

आता, बिल्ला किरणं अडवत नाही. तो सांगतो, तेही उशिरा. पण त्याच्यामागे नियम उभा आहे : पाच वर्षांत १०० मिलिसीव्हर्ट, एका वर्षात ३० च्या वर नाही. आकडा कर्मचाऱ्याच्या नावावर नोंदला जातो. वाढला तर चौकशी होते, आणि उत्तर संस्थेला द्यावं लागतं.

गिरणीत अंगावर काय होतं? १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं कलम २२ सांगायचं की चालू यंत्राला तेलपाणी करणाऱ्याने घट्ट कपडे घालावेत. सैल कपड्याचं टोक पट्ट्यात गेलं की मागोमाग हातही जायचा, म्हणून. यंत्राने ओढलेला हात सगळ्यांना दिसतो. कापसाची धूळ दिसूनही दिसत नाही. ब्लोरूम आणि कार्डिंगमध्ये ती सगळ्यात जास्त, आणि वर्षानुवर्षं छातीत गेली की होतो बिसिनोसिस. एक्स-रेमध्ये त्याची अशी खास खूण नसते. पाळीच्या आधी आणि नंतर फुंकर मोजावी लागते, आणि कामगाराला नीट विचारावं लागतं. नाहीतर सगळं बिडीच्या नावावर खपतं. आजोबांचं तेच झालं.

या रोगाची एक विचित्र ओळख म्हणजे सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती सर्वात जास्त आवळते, मग आठवडाभर कमी होत जाते. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. म्हणजे दुखणं सोमवारी कळावं एवढी सोय तरी झाली होती. मोजणारं यंत्र मात्र कुणी अंगावर दिलं नाही.

घड्याळातले माझे आकडे कुणाकडे जातात, असं मी ऑफिसात विचारलं. 'वेलनेस टीमकडे' असं उत्तर आलं. पुढे ते काय करतात, याचं उत्तर अजून यायचंय.

रविवारी आजीला हे सगळं सांगत होतो. बिसिनोसिस हा शब्द तिने कधी ऐकलेला नाही. म्हणाली, "शनिवारी ते चाळीचा जिना एका दमात चढायचे. सोमवारी दुसऱ्या मजल्यावर थांबायचे. मी भाकरी तेव्हाच टाकायची, पाऊल थांबलं की."