चाकाचं माप

बैलाच्या खांद्याची उंची, वाटेतली चाकोरी आणि माल कुठवर न्यायचा, एवढं बघून आमच्या भागातला सुतार गाडीचं चाक ठरवायचा. त्यासाठी त्याला कागद लागत नसे. एक बाभळीची काठी असायची, तिच्यावर किकऱ्यानं पाडलेल्या खुणा. गावातल्या सगळ्या गाड्या त्या काठीवरच्या.

आमचा भाग म्हणजे शिराळा तालुका, लोकांच्या तोंडी बत्तीस शिराळा. पूर्वेला पेठनाक्याकडं जाणारा रस्ता, पश्चिमेला चांदोलीचं रान, दक्षिणेला वारणा, नदी ओलांडली की कोल्हापूर जिल्हा. तालुका एकच, पण जमीन दोन जातीची. खाली नदीकाठाला काळी, उसाची. वर तांबडी, जांभ्याची, भाताची. पाऊसही तसाच, खाली बेताचा आणि वर चांदोलीच्या अंगाला नुसता कोसळणारा. त्यामुळं खालच्या गावाचं चाक वरच्या गावाला चालेलच असं नसे.

चाक माणसाच्या छातीला लागेल एवढं, साडेचार-पाच फुटी. मधे तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, आऱ्यांभोवती लाकडाचा घेर आणि घेरावर लोखंडाची धाव. लाकूड बहुतकरून बाभळीचं. धाव बसवायचा दिवस म्हणजे आम्हा पोरांना जत्राच. धाव मुद्दाम घेरापेक्षा चिमूटभर लहान केलेली असे. लोहार ती शेण्यांच्या जाळात लाल करायचा. तापली की लोखंड फुगतं. मग चौघं सांडशीनं धरून ती चाकावर घालायची, हातोड्यानं बसवायची आणि लगेच बादल्यांनी पाणी. लाकडाचा धूर, पाण्याची वाफ, आणि आकसणाऱ्या लोखंडानं सगळे सांधे आवळत जाताना येणारा कडकड आवाज. आबा म्हणायचे, "चाक बोललं की समजायचं, बसलं."

एवढं मोठं चाक कशाला, असं आज कुणीही विचारील. मोठं चाक दगडावरून आणि खड्ड्यातून सहज जातं. लहान चाक खड्ड्यात उतरतं आणि तिथंच बसतं. शिवाय आस उंच राहिला की गाडीची ओढ जुवाच्या पातळीत येते, बैलाची मान खाली दाबली जात नाही. आणि दोन चाकांतलं अंतर सगळ्या गाड्यांचं सारखं, कारण वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या पडलेले दोन चर, तीच चाकोरी. ज्याचं चाक चाकोरीत बसत नाही त्याची गाडी एका अंगाला कलंडून चालायची. आपण बोलताना हा शब्द वापरतो, पण त्यातलं चाक विसरलो.

ही चाकोरी मात्र आपण समजतो तितकी जुनी नाही. बोरघाटातून गाडी जाईल असा रस्ता १८३० साली खुला झाला. त्याआधी घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरनं कोकणात उतरायचा. देशावर ज्या गाड्या होत्या त्यांची चाकं भरीव आणि बोजड, काही ठिकाणी तर दगडाची. १८३० नंतरच्या दहा वर्षांत सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला सर्व्हे खात्यातल्या गेसफर्ड नावाच्या साहेबानं हलक्या गाड्यांचा कारखाना काढला, अशी नोंद जुन्या गॅझेटियरांत आहे. म्हणजे आपण जिला वाडवडिलांची गाडी म्हणतो, तिच्या चाकाचं माप एकेकाळी नवं होतं आणि तेव्हाही कुणीतरी नाक मुरडलं असणार.

रबर आलं ते पार दुसऱ्या टोकाहून. हवेच्या टायरचं पहिलं पेटंट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसानं १८४५ साली घेतलं होतं, पण ते तसंच पडून राहिलं. १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरानं पोराच्या तीनचाकीसाठी पुन्हा तीच गोष्ट केली आणि जग तिच्यावर चाललं. गुरांच्या डॉक्टरानं केलेलं चाक पुढं गुरांच्याच गळ्यात आलं, हे मला फार मजेचं वाटतं. त्याच १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलीचं दुकान काढलं. पुढं १९१० साली ते कुंडलच्या माळावर आले आणि किर्लोस्करवाडी झाली. लोखंडी नांगर आमच्या शेतात तिथून आला. टायर यायला अजून वेळ होता. बंगालात साहागंजला डनलॉपचा कारखाना १९३६ साली निघाला, आणि बैलगाडीचं टायर हा पुढं त्या धंद्यातला वेगळा मालच झाला.

आमच्याकडं टायरगाडी खऱ्या अर्थानं आणली ती साखर कारखान्यांनी. आधी साखराळ्याचा, मग आमच्या तालुक्यातला चिखलीचा. पहिल्या-पहिल्या गाड्या मोडक्या मोटारींचे आस काढून केलेल्या होत्या, नंतर तयार चाकं आली, एकोणीस इंची रिमची, वर सहा, सात नाहीतर आठ इंची टायर. उंची निम्म्याला आली. लाकडी चाकाची गाडी टनभर ऊस कसाबसा ओढायची. टायरगाडीवर दोन-अडीच टन चढू लागला. आत बेअरिंग होतं, वंगणाची नळी गेली, कुरकुर गेली. धावेच्या दोन इंची लोखंडानं डांबरी सडक कापली जायची ते थांबलं. बेंगळुरूच्या आयआयएमचे संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७० नंतर देशभर हाच धोशा लावला होता, की बैलगाडी सुधारा, चाक सुधारा, बैलाचे हाल थांबवा.

चाक सुधारलं. बैलाचे हाल थांबले का, हे ज्यानं जानेवारीत चिखलीच्या वाटेवर गाड्यांची रांग बघितली असेल त्यानंच सांगावं. ओढायला हलकं झालं म्हणून मालकानं, मुकादमानं वर आणखी दोन फूट मोळ्या रचल्या. चढाला दोन माणसं मागनं खांदा लावणार. उताराला तर त्याहून वाईट, कारण टायरगाडीला ब्रेक नाही. अडीच टन ऊस बैलाच्या मानेवर रेटा देत खाली येतो आणि बैल खूर रोवून तो थोपवतो. लाकडी चाक निदान स्वतःच जड असल्यामुळं एवढं पळत नसे. रामस्वामींचं म्हणणं खोटं नव्हतं. पण चाक हलकं झालं की ओझं वाढतं, हा हिशेब त्यांच्या नव्हे, आमच्या हातात होता.

आणखी एक गोष्ट गेली, तिच्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. लाकडी चाकाचा पैसा गावात राहायचा. सुताराला आणि लोहाराला खळ्यावर बलुतं मिळायचं. टायर पंक्चर झालं की रोख पैसे, तेही पेठनाक्याला नाहीतर शिराळ्यात. गंमत अशी की पंक्चर व्हायचं ते बाभळीच्या काट्यानं. जी बाभळ इतकी वर्षं चाक होऊन राहिली, तीच आता चाकात घुसायला लागली. वरच्या भातखाचरांच्या गावांनी मात्र लाकडी चाक बरीच वर्षं सोडलं नाही. पावसात टायर चिखलावर घसरायचं, फिरायचं. धावेचं चाक चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीला लागायचं. त्यांचं काही चुकत नव्हतं.

मोटारीचा प्रवास इथं भराभर सांगतो. महिंद्रांनी मुंबईत जीप जोडायला १९४७ साली सुरुवात केली; तिला सोळा इंची रिम आणि सहा इंची टायर. तीच जीप पुढं लांब होऊन वडाप झाली आणि शिराळा-कोकरूड-मलकापूर रस्त्यावर माणसं लोंबकळायला लागली. दुधाला मॅटाडोर आली. १९८६ साली टाटाची ४०७ आली, साडेसात-सोळाच्या टायरवर. २००५ साली छोटा हत्ती आला, बारा इंची चाकाचा. सडकेवर बरा, पण वरच्या गावातल्या पाणंदीत पावसाळ्यात त्याचं पोट टेकायचं. मग घरोघर पिकअप आल्या. आज भाजी, कोंबड्या, वाढं, सिमेंट, लग्नाचं वऱ्हाड, गुढे-पाचगणीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या कामाला जाणारी माणसं, सगळं पिकअपमध्ये. (माणसं नेऊ नयेत, हे सगळ्यांना माहीत आहे.)

माझ्या बहिणीच्या पोरानं कर्जावर पिकअप घेतली तेव्हा चाकाच्या मापाचा प्रश्न घरात पुन्हा आला. पहिले टायर गुळगुळीत झाले होते. टायरवर आकडे होते २१५/७५ आर १५. त्याला हवे होते २३५/७५. शिवाय बाहेर आलेली रुंद रिम. गावातल्या दोघा-तिघांनी तशी केली होती, गाडी कशी वाघासारखी दिसायची. एका दुकानदारानं त्याला सांगितलंही, "बिनधास्त बसतंय." बसतंय हे खरंच होतं.

त्याला समजावलं ते एका पंक्चरवाल्यानं. सातवी शिकलेला गडी, उकिडवा बसून त्यानं जमिनीवर खडूनं आकडे काढले. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे त्या रुंदीच्या शंभरातले पंच्याहत्तर भाग एवढी टायरच्या भिंतीची उंची. आर म्हणजे रेडियल, आणि १५ म्हणजे रिम, ती मात्र इंचात. एकाच ओळीत दोन देशांची मापं, हे बघून मला आमच्या सुताराची काठी आठवली. हिशेब केला तर मूळ चाकाची उंची ७०३ मिलिमीटर भरते, नव्याची ७३३. फरक तीन सेंटिमीटरचा, म्हणजे शंभराला चार.

"तीनच सेंटिमीटर की!" पोरगा म्हणाला.

"आरं, चाकाचा घेर वाढला की गिअर बदलल्यागत हुतंय. इंजनाची ओढ शंभरातली चार कमी. रिकामी असताना कळायचं न्हाई. गुढ्याच्या चढाला भरून घाल, मग इंजान रडंल. आन् उताराला ब्रेकबी तेवढाच उशिरा धरणार. काट्यावर साठ दिसंल तवा गाडी बासष्ट-त्रेसष्टनं पळत आसंल."

रुंद रिमचं त्यानं वेगळं सांगितलं. चाक बाहेर काढलं की वजनाचा मध्य बेअरिंगवरनं सरकतो, बाहेरच्या अंगाला लोंबतो. मोकळ्या गाडीत वर्षभर काही होत नाही. सव्वा टन माल घालून खड्ड्यात आदळली की बेअरिंग जातं, कधी चाकाचे नटबोल्ट. आणि आमच्या पाणंदीत ते चाक चाकोरीच्या बाहेर, कडेच्या मऊ मातीवर चालणार, हे मी मनातल्या मनात धरलं.

पण त्याचं सगळ्यात मोलाचं बोलणं मापाबद्दल नव्हतंच. पोरानं स्वस्तात दुसरा पर्याय शोधला होता, मूळच्याच मापाचे, पण प्रवासी गाडीचे टायर. आकडे तेच, २१५/७५ आर १५. पंक्चरवाल्यानं पुढचा बारीक आकडा दाखवला, १००. हा आकडा म्हणजे एका टायरनं ८०० किलो पेलायचं, त्यावर नाही. पिकअप रिकामी दीड टनाच्या वर, आत सव्वा टन माल, म्हणजे तीन टनांच्या आसपास. त्यातले दोन टन मागच्या दोन चाकांवर. दोन टायर पेलणार सोळाशे किलो. उरलेलं कोण पेलणार? मालाच्या गाडीच्या टायरवर एलटी ही अक्षरं असतात, प्लाय जास्त असतात, हवाही जास्त भरावी लागते. माप जुळलं म्हणून टायर जुळला असं होत नाही. फुगलेल्या, तापलेल्या टायरवर उन्हाळ्यात कराडपर्यंत माल नेला आणि तो फुटला, तर आत टोमॅटो आहेत का माणसं, हे टायर बघत नाही.

कायद्याचंही आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे, नोंदणीत लिहिलंय त्यापेक्षा गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. अपघात झाला तर विमेवाला पहिल्यांदा तेच शोधतो. आणि नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद. टायरच्या खाचांत बारीक उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की समजायचं.

पोरानं शेवटी मूळच्याच मापाचे, एलटीचे, चार टायर घेतले. त्याला रिमचे पैसे वाचले, त्यात स्टेपनीही नवी आली. स्टेपनी हे वेल्समधल्या लानेली गावच्या एका रस्त्याचं नाव; १९०४च्या सुमाराला तिथल्या दोघा भावांनी जादा चाक विकायला काढलं आणि ते नाव आपल्याकडं मराठी होऊन राहिलं. हवा किती भरायची ते दाराच्या आतल्या पट्टीवर लिहिलेलं असतं, रिकाम्या गाडीला वेगळी, भरल्या गाडीला वेगळी. ती त्यानं खडूनं डिकीत मोठ्या आकड्यांत लिहून ठेवलीय. माल किती घालायचा यावरून मात्र त्याचं आणि त्याच्या बापाचं अजून वाजतं. सव्वा टनाची गाडी आहे, आणि व्यापारी दोन टनाचं भाडं घेऊन दारात उभा असतो.