पेव, हगेवु आणि सूनबाईंचे यंत्र

गेल्या दिवाळीला धाकट्या सूनबाईंनी पुण्याहून एक यंत्र आणले. जाड प्लास्टिकच्या पिशवीत धान्य भरायचे, तिचे तोंड यंत्राच्या फटीत धरायचे आणि कळ दाबायची. यंत्र घरघर करीत आतली हवा ओढून घेते आणि पिशवीचे तोंड वितळवून बंद करते. दोन दिवसांत तांदूळ, तूरडाळ, जोंधळे यांच्या विटाच फळीवर रचल्या गेल्या. फराळाला आलेल्या शेजारच्या कन्नड मास्तरांनी एक वीट हातात घेऊन दाबून पाहिली आणि हसून म्हणाले, "इदु हगेवु री!" म्हणजे, हे तर पेवच की!

हगेवु हा शब्द ऐकून आम्ही मराठी पोरे लहानपणी फिदीफिदी हसायचो आणि आजीचा धपाटा खायचो. आता वाटते, पेव आणि हगेवु एकाच घरचे असावेत. जुन्या कन्नडातला 'प' पुढे 'ह' झाला. दुधाला 'पाल्' म्हणत, त्याचे 'हालु' झाले. शब्दांचे काही असो, धान्य पुरण्याची रीत मात्र दोन्ही भाषांच्या घरांत एकच होती.

माझ्या आजोळी पेवासाठी उंचवट्यावरची, घट्ट मुरमाची जागा निवडत. खड्डा रांजणासारखा, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे, पोट ऐसपैस. आतून शेणमातीने लिंपायचे, आत जाळ करून भिंती सुकवायच्या, बुडाला आणि कडेने कडबा-भुसा लावायचा आणि मग उन्हात कडकडीत वाळवलेले जोंधळे ओतायचे. वर पुन्हा भुसा, त्यावर शिळा, शिळेवर मातीचे लिंपण. पेव उघडले की कडेचे जोंधळे काळवंडलेले, उबट वासाचे निघत, ते गुरांना. मधले माणसांना. बियाणे मात्र कोणी पेवात घालीत नसे. ते मडक्यात, राख घालून.

शिळा काढल्याबरोबर आत कोणी उतरायचे नाही, हा कडक नियम होता. आधी दोरीने कंदील सोडायचा. तो विझला तर थांबायचे. आजोळचा एक गडी एकदा न थांबता उतरला. त्याला काढायला दुसरा उतरला. दोघेही वर आले ते दोराला बांधून. पेवात भूत असते, असे आम्हा मुलांना सांगत, ते त्यानंतर.

हे भूत रोमन लोकांनाही ठाऊक होते. व्हारो या पंडिताने इ. स. पूर्व ३७ च्या सुमारास शेतीवर ग्रंथ लिहिला. कॅपाडोशिया आणि थ्रेस या प्रांतांतल्या जमिनीखालच्या कोठारांचे त्यात वर्णन आहे. जिथे हवा पोचत नाही तिथे कीड होत नाही, गहू ५० वर्षे आणि बाजरीसारखे बारीक धान्य १०० वर्षांवर टिकते, असे तो सांगतो. (वर्षांचा आकडा मला जरा सढळ हाताने दिलेला वाटतो.) कोठार उघडल्यावर लगेच आत जाऊ नये, काहींचा श्वास कोंडला आहे, हेही तो बजावतो.

याचे कारण शास्त्राला सापडायला विसावे शतक उजाडले. पहिल्या महायुद्धात साठ्यातल्या धान्याला लागणाऱ्या किडीचा विचार करण्यासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीने समिती नेमली. तिच्यासाठी आर्थर डेंडी यांनी किडके धान्य हवाबंद भांड्यांत ठेवून पाहिले. सोंडकिडा दाण्याला भोक पाडून आत अंडे घालतो आणि भोक बुजवतो. म्हणून निवडलेल्या, स्वच्छ दिसणाऱ्या धान्यातही महिन्याभराने किडे दिसतात. पण बंद जागेत किडा आणि दाणा दोघेही श्वास घेतच राहतात. हवेतला २१ टक्के प्राणवायू संपत जातो, कर्बवायू साचतो आणि प्राणवायू तीनेक टक्क्यांच्या खाली गेला की किडा गुदमरतो. पेवातून हवा कोणी काढीत नव्हते. कीडच ती संपवीत होती आणि तिच्याबरोबर मरत होती. कंदील विझत होता तो त्याच कारणाने.

सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे होती. हळद त्यांत वर्षानुवर्षे कीड न लागता राही. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यांतली बहुतेक निकामी झाली. हवेला अडवणारी माती पाण्यापुढे हरते. आजोळचे पेव त्याच्या कितीतरी आधी दगडमातीने बुजवले होते; सरकारी धान्याच्या दुकानांनी आणि पोत्यांच्या गोदामांनी त्याची गरज संपवली होती.

सूनबाईंचे यंत्र किडीची वाट न पाहता हवाच काढून घेते. पण कडक उन्हाचा नियम त्यालाही चुकलेला नाही. दमट जिन्नस हवा काढून कोंडला, तर प्राणवायूवाचून वाढणारे विषारी जंतू त्यात माजू शकतात; म्हणून या पिशव्यांत कोरडेच घालावे. पीठ भरले तर ते तोंडाशी ओढले जाते आणि पिशवी नीट चिकटत नाही. कुरडयांचे काय झाले ते सांगत नाही. त्यांचा चुरा आम्ही चिवड्यात संपवला.

मास्तरांनी दाबून पाहिलेली वीट आम्ही तशीच ठेवली होती. यंदा वसुबारसेला ती फोडली. एक किडा नाही, दाणे पांढरेशुभ्र. आईने भाकरी थापली, पहिला तुकडा मोडून हुंगला आणि म्हणाली, "पेवाच्या जोंधळ्याचा वास नाही रे याला." ती तक्रार होती की समाधान, मी विचारले नाही.